बांगडी चढेना, हात जुळेना

(मुदखेड परिसरातल्या महिला बचत गटांच्या समन्वयक ताईंनी सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

 

थंडी पडायला लागली. माझं माहेर लातूरकडचं. येळवशीला रानात अंबील पिऊन आलं की थंडीनं खरा जोर धरला असं आमच्याकडं म्हणतात. म्हणून आजचा विषय थंडीच्या तोंडावर घेतलाय. विषय आहे आपल्या हाताचा.

ज्या आजाराबद्दल मी बोलणार आहे त्याचं नाव स्क्लेरोडर्मा. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. स्क्लेरो म्हणजे कडक, डर्मा म्हणजे कातडी. कातडी कडक होण्याचा आजार. हा काही घरोघरी होणारा आजार नाही. मग त्यावर एवढं भाषण कशाला, असं कुणी म्हणेल. तर ज्या बाईला तो होतो, तिला काय झालंय हे कळण्यातच वर्षं निघून जातात. कुणी संधिवात म्हणतं, कुणी कोड म्हणतं, कुणी त्याहून वाईट काही म्हणतं. तेवढ्या वर्षांत हात आवळून जातो. एकदा पक्का आवळलेला हात पुरता मोकळा करणं फार अवघड. पण लवकर ओळखलं, तर हात पुष्कळ वाचवता येतो. आज एवढंच सांगायला आले आहे.

हाताच्या खुणा ओळखा

पहिली खूण रंगाची. पहाटे दवात फुलं तोडायला गेलं, थंड पाण्यात धुणं धुतलं, फ्रीजमधलं भांडं उचललं, की बोटं टोकाकडून पांढरीफटक पडतात. जीव गेल्यासारखी होतात. मग निळी-जांभळी पडतात. ऊब मिळाली की लाल होतात, झिणझिण्या येतात, ठणकतात. आपल्या सावळ्या हाताला हा रंग पटकन दिसत नाही, म्हणून तळहाताकडून आणि नखाखाली बघायचं. मॉरिस रेनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ साली या त्रासाबद्दल लिहिलं, म्हणून डॉक्टर लोक याला 'रेनो' म्हणतात. बोटाच्या बारीक रक्तवाहिन्या थंडीनं एकदम आकसतात आणि रक्त टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळं असं होतं.

इथं एक गोष्ट नीट ऐका. बोटं पांढरी पडणाऱ्या बहुतेक बायांना पुढं मोठा आजार काही होत नाही. उगीच घाबरायचं नाही. पण हा त्रास तिशीनंतर नव्यानं सुरू झाला असेल, वाढत चालला असेल, बोटाच्या टोकाला जखम होत असेल किंवा आता सांगते त्यातली आणखी एखादी खूण सोबत असेल, तर तपासून घ्यायचंच.

दुसरी खूण बांगडीची. सकाळी उठल्यावर बोटं सुजल्यासारखी वाटतात, अंगठी निघत नाही. कासारीण आपला पंजा दाबून, अंगठा आत मुडपून बांगडी सरकवते ना? नेहमीच्या मापाची बांगडी आता चढतच नाही. अंग सुटलेलं नाही, तरी पंजा दबत नाही, अंगठा आत वळत नाही.

तिसरी खूण चिमटीची. बोटाच्या पाठीवरची कातडी दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून बघा. एरवी ती सहज उचलली जाते. या आजारात कातडी चकचकीत, ताणलेली होते, सुरकुत्या जातात, चिमटीत येत नाही.

चौथी खूण नमस्काराची. दोन्ही हात जोडा. तळव्याला तळवा, बोटाला बोट टेकतंय का बघा. मध्ये फट राहत असेल, बोटं सरळ होत नसतील, तर ते डॉक्टरला दाखवा. तपासताना डॉक्टरही हीच खूण बघतात. साखरेच्या आजारातही कधीकधी हात असे जुळत नाहीत, तेव्हा साखरही तपासून घ्या. आणि भाकरी थापताना आपलं आपल्याला कळतंच. तळवा सपाट पडेना, भाकरीवर बोटांचे खड्डे उमटायला लागले, तर त्याकडं कानाडोळा करू नका.

काही जणींच्या छातीवर, गळ्यावर, हातावर काळ्या कातडीत पांढरे ठिपके येतात, तीळ-तांदूळ मिसळल्यासारखे. लोक त्याला कोड म्हणून मोकळे होतात. हात कडक आणि असे ठिपके, दोन्ही असतील तर ते नुसतं कोड नसू शकतं.

हे काय आहे आणि काय नाही

आपल्या अंगात रोगाशी लढणारी एक ताकद असते. रानाची राखण करायला ठेवलेल्या गड्यानंच उभं पीक कापायला घ्यावं, तसं या आजारात होतं. ती ताकद आपल्याच शरीरावर उलटते. रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि कातडीत चिवट धागे वाजवीपेक्षा जास्त तयार होतात. त्यानं कातडी जाड आणि घट्ट बनते. असं का होतं याचं एक नेमकं कारण सापडलेलं नाही. पुरुषांपेक्षा बायांना हा आजार कितीतरी जास्त होतो, आणि बहुतेक वेळा तिशी ते पन्नाशीच्या वयात. म्हणजे ऐन कामाच्या, लेकरांच्या शिक्षणाच्या वयात.

दगडाच्या बारीक धुळीचा याच्याशी संबंध दिसलेला आहे. १९५७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांमध्ये हा आजार जास्त असल्याचं एरास्मस नावाच्या डॉक्टरनं लिहिलं. म्हणून तुम्ही किंवा घरचं कुणी खडी क्रशरवर, दगडफोडीवर काम केलं असेल तर ते डॉक्टरला आठवणीनं सांगा.

आता काय नाही ते सांगते. हा आजार लागट नाही. एका ताटात जेवल्यानं, हातात हात घेतल्यानं, एका पलंगावर झोपल्यानं, तिच्या हातचं खाल्ल्यानं होत नाही. हा कुष्ठरोग नाही. कुष्ठरोगात चट्ट्याला स्पर्श कळत नाही, बोट पोळलं तरी कळत नाही. या आजारात बहुतेक वेळा स्पर्श कळतो, उलट हात जास्तच दुखतो. अर्थात शंका असेल तर डॉक्टरनंच ठरवावं. आणि कुष्ठरोग निघाला तरी घाबरायचं कारण नाही. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि उपचार सुरू झाले की तोही दुसऱ्याला लागत नाही. हा आजार देवीचा कोप नाही, करणी नाही, मागच्या जन्माचं पापही नाही.

एवढं ठासून का सांगते? आमच्या एका गटातल्या ताईची गोष्ट ऐका. नाव सांगणार नाही. "माझं नाव घेऊ नको, पण गोष्ट सांग, एखादीचा तरी हात वाचंल," असं तिनंच मला सांगितलं. पापड लाटण्यात तिचा हात धरणारी गटात कुणी नव्हती. तीन हिवाळे तिची बोटं पांढरी पडत होती. मग बोटं वाकडी झाली, टोकाला बारीक जखमा झाल्या. कुजबुज सुरू झाली. "हिच्या हातचे पापड घेऊ नका माय, काय रोग हाय काय म्हाईत." गटात कुणी तिला तोंडावर जा म्हटलं नाही, पण तिच्यापुढची पापडाची लाटी मात्र कुणीतरी उचलून दुसरीकडं ठेवली. दोन महिने ती बैठकीला आली नाही. घरी सासूबाई म्हणायच्या, "कामाचा कंटाळा आलाय, मून हात दुखतोय." गावातल्या एकानं सुया दिल्या, पुड्या दिल्या. बरं वाटायचं, पुन्हा मागचं तसंच.

शेवटी तिच्या नणंदेनं तिला धरून नांदेडला नेलं, तेव्हा आजाराचं नाव कळलं. आज तिचे हात पहिल्यासारखे झालेले नाहीत, खोटं सांगणार नाही. पण जखमा थांबल्यात, ग्लास धरता येतो, लेकीची वेणी घालता येते. आणि गटाचा हिशेब ती लिहिते. ज्या दिवशी ती परत आली, त्या दिवशी अध्यक्षबाईंनी तिच्या हातचा चहा सगळ्यांआधी घेतला. तेवढ्यानं कुजबुज थांबली.

कुठं जायचं, काय सांगायचं

हाताचं दुखणं आपल्याकडं कुणाला नाही? १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन लोकांचं दुखणं विचारलं. सांध्यांचं आणि स्नायूंचं दुखणं गावातल्या आजारांत फार वरच्या जागी निघालं. म्हणून तर आपण "वात आहे" म्हणून सोडून देतो. पण दुखण्या-दुखण्यात फरक आहे. रंग बदलणारा, कातडी आवळणारा हात हा नुसता वात नाही.

आधी आपल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. उपकेंद्रातून ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरशी मोबाईलवर फुकट बोलता येतं, ते करून देण्याची विनंती करा. पुढं नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. लातूरकडच्या बहिणींना विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था जवळ. तिथं कातडीची किंवा मेडिसीनची ओपीडी गाठायची. याच आजाराचे खास डॉक्टर असतात, त्यांना संधिवाततज्ज्ञ म्हणतात. मोठ्या शहरात ते भेटतात. निदान पक्कं करायला आणि औषध ठरवायला एकदा तरी त्यांना दाखवता आलं तर फार चांगलं.

डॉक्टरसमोर गेलं की आपण निम्मं विसरतो. म्हणून घरीच कागदावर लिहून न्या. बोटं कधीपासून पांढरी पडतात, घास गिळताना अडकतो का, छातीत जळजळ होते का, चढाला दम लागतो का, तोंड पूर्वीइतकं उघडतं का. आणि बोटं पांढरी पडलेली असतील तेव्हाच लेकराला सांगून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत रंग परत येतो, मग डॉक्टरला काय दाखवणार?

डॉक्टर रक्ताची एएनए नावाची तपासणी सांगतील. नखाच्या मुळाशी भिंगातून रक्तवाहिन्या बघतील. छातीची, हृदयाची, लघवीची तपासणी सांगतील. हाताच्या आजाराला छातीची तपासणी कशाला, असं म्हणून ती चुकवू नका. हा आजार फुप्फुसात, हृदयात, किडनीत, अन्ननलिकेतही शिरू शकतो. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, काय नाही, हे त्यांना आधीच विचारून घ्या. जाताना आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा.

औषध आणि एक इशारा

हा आजार मुळासकट काढणारं औषध आज नाही. पण त्याला आवर घालणारी औषधं आहेत. रक्तवाहिन्या सैल करणारी निफेडिपिनसारखी गोळी रेनोसाठी बहुतेक वेळा आधी देतात. तिनं डोकं दुखू शकतं, पाय सुजू शकतात, चक्कर येऊ शकते. तसं झालं तर डॉक्टरला सांगायचं, आपल्या मनानं बंद करायची नाही. जखमा होत असतील तर सिल्डेनाफिल किंवा बोसेंटान देतात. सिल्डेनाफिल ही गोळी पुरुषांच्या एका त्रासासाठीही वापरतात. चिठ्ठी बघून मेडिकलवाला हसेल, घरात गैरसमज होईल, तर लाजायचं नाही. तुमच्या बोटापर्यंत रक्त पोचावं म्हणून ती दिलेली आहे. मात्र हृदयाच्या त्रासासाठी जिभेखाली ठेवायची गोळी कुणी घेत असेल तर ते आधी सांगायलाच हवं, दोन्ही एकत्र घेणं धोक्याचं आहे. कातडी आणि फुप्फुसासाठी मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट अशी औषधं देतात. यातली काही औषधं पोटातल्या बाळाला घातक असतात. म्हणून लग्न ठरलेल्या, बाळाचा विचार असलेल्या लेकी-सुनांनी ते डॉक्टरला उघड सांगावं.

आता इशारा. बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या, नाव नसलेल्या वाताच्या पुड्या आणि "एका सुईत आराम" यापासून लांब राहा. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस हलकं वाटतं. पण या आजारात जास्त प्रमाणातलं स्टेरॉइड किडनीवर घाला घालू शकतं. रक्तदाब एकदम चढतो आणि किडनी बंद पडायची वेळ येते. स्टेरॉइड द्यायचं का आणि किती, हे आजार माहीत असलेल्या डॉक्टरनंच ठरवायचं.

घरचे उपाय: ऊब, हालचाल, राखण

गोळी डॉक्टर देतो. बाकीचं अर्धं काम घरचं, आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. तीन शब्द लक्षात ठेवा. ऊब, हालचाल, राखण.

ऊब म्हणजे नुसता हात गरम ठेवणं नाही. अंग गार पडलं की हाताचं रक्त आधी कमी होतं. म्हणून स्वेटर, कानाला स्कार्फ, पायात मोजे. हातमोजे थंडी वाजल्यावर घालून उपयोग नाही, बाहेर पडायच्या आधी घालायचे. फुलं तोडायची असतील तर बोटांची टोकं उघडी राहतील असे लोकरीचे मोजे चालतात, पण ते दवानं ओले झाले की लगेच बदला. बोअरचं पाणी पहाटे वर येतं तेव्हा कोमट असतं, तेव्हाच धुणं उरकून घ्या. टाकीत रात्रभर राहिलेलं पाणी गारठलेलं असतं. भांड्यांना रबरी मोजे वापरा.

पांढरी पडलेली बोटं चुलीवर, शेगडीवर धरू नका. बधिर बोटाला चटका कळत नाही. हात काखेत धरा, अंगाशी घ्या किंवा कोमट पाण्यात ठेवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या कुणाला कोपर बुडवून बघायला सांगा.

आणि आता जे सांगते ते कडू लागेल. मिसरी सोडायला हवी. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरडीतून तो रक्तात जातो आणि बोटाच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतो. तंबाखू, गुटखा, घरातल्या माणसाच्या बिडीचा धूर, सगळ्याचं तेच. एका बाजूनं रक्तवाहिनी सैल करायची गोळी घ्यायची आणि दुसऱ्या बाजूनं मिसरी लावायची, म्हणजे एका हातानं मोटार चालू करून दुसऱ्या हातानं पाइप मुडपून धरण्यासारखं आहे. एकदम सुटत नसेल तर गटानं मिळून सोडा. दात घासायला दुसरं काहीतरी ठेवा आणि एकमेकींना धरून राहा.

सर्दीची गोळी, रक्तदाबाची गोळी घेतानाही रेनो आहे हे सांगा. काही औषधांनी रक्तवाहिन्या जास्त आकसतात.

दुसरी गोष्ट हालचाल. कातडी रोज थोडी थोडी आवळत असते, तर आपण ती रोज थोडी थोडी ताणायची. २००६ साली जपानमधल्या डॉक्टरांनी या आजाराच्या रुग्णांना बोटं ताणायचे साधे व्यायाम घरी करायला शिकवले. महिन्याभरात बोटं जास्त वाकायला लागल्याचं दिसलं. आपणही ते करू शकतो. आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात, मग टिपून कोरडे करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन. हात मऊ असतानाच व्यायाम.

आता माझ्यासोबत करून बघा. पहिला, हात पाटावर किंवा मांडीवर पालथा ठेवा, दुसऱ्या हातानं बोटं हळूहळू सपाट दाबा. दहा अंक मोजा, सोडा. दुसरा, बोटं जिथं पंजाला जोडली आहेत तो मोठा सांधा. बोटं सरळ ठेवून तेवढाच सांधा दुसऱ्या हातानं वाकवा, दहा मोजा. या आजारात हा सांधा वाकायचा थांबतो आणि मधला सांधा वाकडा राहतो, म्हणून दोन्ही वेगवेगळे करायचे. तिसरा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा आणि मुळापर्यंत सरकवा, म्हणजे मधल्या बेचक्या मोकळ्या होतात. चौथा अंगठ्याचा. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावा, आणि मग मोठा तांब्या पकडावा तसा लांब ताणा. पाचवा नमस्काराचा. छातीपाशी हात जोडा, तळवे जितके जुळतील तितके जुळवा, दहा मोजा. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

ताण जाणवला पाहिजे, कळ नको. जखमेवर ताण येईल असं करू नका. झटका देऊ नका, दुसऱ्याकडून बोटं ओढून घेऊ नका. सोबत तोंडाचाही व्यायाम करा. मोठ्यानं 'आ' करा, गाल फुगवा. कारण या आजारात तोंडही लहान होतं, घास आणि दातांचा उपचार दोन्ही अवघड होतं. मोठ्या दवाखान्यात फिजिओथेरपी विभाग असतो. एकदा त्यांच्यासमोर करून दाखवा. मेणाचा शेक द्यायचा असला तर तोही त्यांच्याकडून शिकूनच. वितळलेल्या मेणानं भाजू शकतं, आणि जखम उघडी असताना तो चालत नाही.

तिसरी गोष्ट राखण. बोटाच्या टोकाला रक्त कमी, म्हणून साधं खरचटलेलंही महिना-महिना भरत नाही. कापसाच्या बोंडाचं टोक, गुलाबाचा काटा, शिवणाची सुई, विळीचा ओरखडा, सगळ्यापासून जपायचं. वेचणीला बोटात कापडी टोप्या घाला, शिवताना अंगुस्तान वापरा. नखं अंघोळीनंतर, मऊ असताना कापा, कोपरे खोल काढू नका.

जखम झालीच तर उकळून गार केलेल्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, टिपून कोरडी करा, व्हॅसलिनचा पातळ हात, वर स्वच्छ सुती पट्टी. पट्टी रोज बदला. तंबाखू, चुना, राख, शेण, बॅटरीतली पूड यातलं काही लावायचं नाही. कधी कातडीखाली कडक गाठ होते, खडूसारखं पांढरं बाहेर येतं. ते चुन्याचं साठणं असतं. सुईनं टोकरून काढू नका, डॉक्टरला दाखवा.

लगेच निघायचं कधी

बोट काळं पडायला लागलं, ऊब देऊनही रंग परत येईना, जखमेतून पू आला, ताप आला, रात्रीची झोप उडेल इतकं ठणकलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. मोठ्या दवाखान्यात रक्तवाहिन्या उघडायचं औषध सलाइनमधून देता येतं. वेळेत गेलं तर बोट वाचू शकतं.

डोकं खूप दुखतंय, डोळ्यापुढं धूसर दिसतंय, लघवी कमी झाली आणि रक्तदाब अचानक वाढला, तर तो किडनीचा धोका. त्याच दिवशी दवाखाना. दम वाढत चालला, कोरडा खोकला जात नाही, तर तेही कळवायचं. म्हणून हा आजार असलेल्या ताईनं आशाताईकडून नाही तर उपकेंद्रात जाऊन रक्तदाब नियमित मोजून घ्यावा आणि वहीत लिहावा.

गटानं काय करायचं

आता शेवटचं, आणि माझ्या मते निम्मं औषध यातच आहे. हात आवळलेल्या बाईचं काम जाऊ देऊ नका, काम बदला. पापड लाटता येत नाही तर वजन करणं, पिशव्या मोजणं, हिशेब, बँकेची कामं, गिऱ्हाइकाशी बोलणं आहे. विळीऐवजी जाड मुठीची सुरी द्या. चमच्याला, लाटण्याला कापड गुंडाळून मूठ जाड केली की धरायला सोपं जातं. हापशाचं, गार पाण्याचं काम दुसरीनं उचलायचं.

बँकेत, रेशन दुकानात अंगठा उठत नाही, ही मोठी अडचण. कातडी ताणली की बोटाच्या रेषा पुसट होतात. मशीन नकार देते आणि मागची रांग ओरडते. त्यात तिचा काही दोष नाही. आधारमध्ये डोळ्याच्या बुबुळांचीही नोंद असते, आणि मोबाईल जोडलेला असेल तर बऱ्याच ठिकाणी ओटीपीवर काम होतं. म्हणून आधारला मोबाईल नंबर जोडून घ्या, ठसे पुन्हा देऊन बघा, आणि रांगेत तिच्यासोबत गटातल्या एकीनं उभं राहा. हात कायमचे अधू झाले असतील तर सरकारी रुग्णालयात दिव्यांगत्वाची तपासणी करून प्रमाणपत्राची मागणी करता येते. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर अनेक सवलतींचा रस्ता उघडतो.

घरच्या माणसांनाही सांगते. दादा, भाऊजी, सासूबाई, तुम्हीही ऐकत असाल तर, ती आळशी झालेली नाही. बाहेरून हात धड दिसतो तेव्हासुद्धा तो आतून आवळत असतो. सकाळचं पाणी तापवून देणं, पीठ मळून देणं, दवाखान्याच्या तारखेला सोबत जाणं, एवढं केलंत तरी तिचा हात अजून बरीच वर्षं तुमच्या घराला लागेल.

संक्रांत जवळ आली. हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. दरवर्षी प्लॅस्टिकची वाटी, नाही तर स्टीलची डबी. यंदा गटानं मिळून वाण म्हणून हातमोज्याचा जोड द्या, नाही तर व्हॅसलिनची डबी. आणि कुंकू लावताना प्रत्येकीला हात जोडायला सांगा. तळवे जुळतात का बघा, बोटांचा रंग बघा, बांगडी सैल आहे का बघा. जिचे हात जुळत नाहीत, तिला बाजूला घेऊन हळूच विचारा, आणि पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत दवाखान्यात जा.

पुढच्या भागात आपण मूग-उडदाच्या डाळीची प्रतवारी आणि पॅकिंग यावर बोलू. तोवर हात जपा. रामराम.